वाचकांचे प्रश्न: अल्झायमरचं रिसर्च सेंटर चालवतं तरी कोण?

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या एका अल्झायमर रिसर्च सेंटरमध्ये ११ वर्षं ॲडमिनिस्ट्रेटर होते त्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके ईमेल आणि व्हॉट्सॲप आले की संपादक म्हणाले आता तुमचं तुम्हीच निस्तरा. म्हणून हे. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे "बाबांना अमुक गोळी चालू आहे ती बरोबर आहे का" हे प्लीज तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

नाशिकहून एक निवृत्त बँक अधिकारी: लेखभर सेंटर सेंटर म्हणता, पण ते हॉस्पिटल आहे, लॅब आहे की ऑफिस? मी ३४ वर्षं बँकेत काढली. ब्रँच म्हटली की मॅनेजर असतो, सही करणारा असतो. इथे सही कोणाची?

काका, प्रश्न एकदम बँकेतला विचारलात! सेंटर म्हणजे इमारत नाही. आमची माणसं चार वेगवेगळ्या बिल्डिंगमध्ये बसायची आणि माझी खोली तर पार्किंगच्या वर होती. सेंटर म्हणजे खरंतर एक ५ वर्षांची सरकारी ग्रँट. ती देते नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग, शॉर्टमध्ये एनआयए (आपल्याकडचे छापे घालणारे एनआयएवाले वेगळे हो, माझ्या भावाला पहिल्यांदा सांगितलं की आमचे पैसे एनआयएकडून येतात तर तो दोन मिनिटं बोललाच नाही).

ही संस्था १९७४ ची. त्या काळी अल्झायमर हे नाव साठ-पासष्टीच्या आत बुद्धी जाणाऱ्या थोड्या लोकांपुरतंच वापरायचे, बाकी सगळं "वय झालं" मध्ये जमा. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी एक छोटंसं संपादकीय लिहिलं की अहो हे दोन्ही एकच आहे, आणि तसं धरलं तर हा देशातल्या मोठ्या मारेकरी आजारांपैकी एक ठरतो. तिथून चक्रं फिरली. १९८४ मध्ये पहिल्या ५ सेंटर्सना पैसे मिळाले, हार्वर्ड, जॉन्स हॉपकिन्स, न्यूयॉर्कचं माउंट सायनाय आणि कॅलिफोर्नियातली दोन, त्यातलं सॅन डिएगोचं कॅट्झमन यांचंच. आता ही संख्या तिसाच्या वर गेलीय.

आता सही. ग्रँट डॉक्टरच्या नावावर येत नाही, युनिव्हर्सिटीच्या नावावर येते. डायरेक्टर हा त्या ग्रँटचा पीआय, म्हणजे मुख्य संशोधक, शास्त्रीय जबाबदारी त्याची, पण कायदेशीर सही युनिव्हर्सिटीच्या ग्रँट ऑफिसमधल्या अधिकाऱ्याची, ज्याला बहुतेक वेळा अल्झायमरमधलं काही कळत नसतं आणि कळायची गरजही नसते. म्हणजे जगभर नाव असलेला डायरेक्टर स्वतःच्या सेंटरच्या पैशातून एक फ्रीजर घ्यायचा म्हटला तरी तीन लोकांच्या हातून कागद जातो. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल.

आतमध्ये कामाचे भाग पाडलेले असतात, त्यांना कोअर म्हणतात. पेशंट आणि निरोगी म्हातारी माणसं तपासणारा क्लिनिकल कोअर, डेटाचा कोअर, मृत्यूनंतर मेंदू तपासणारा न्यूरोपॅथॉलॉजीचा, लोकांपर्यंत पोचणारा आउटरीचचा, शिवाय नव्या संशोधकांना तयार करायचा एक भाग. आणि ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कोअर, म्हणजे आम्ही. गणपती मंडळात बघा, अध्यक्ष फोटोत, मूर्तीवाले ढोलवाले सगळे आपापल्या तोऱ्यात, आणि एक खजिनदार असतो जो पावत्या फाडतो, परवानगीसाठी पोलीस चौकीत बसतो आणि विसर्जनाला ट्रॅक्टर आला नाही की शिव्या खातो. तो खजिनदार मी.

पुण्याची एक विद्यार्थिनी: मी हॉस्पिटल मॅनेजमेंट करतेय. मला अशा रिसर्च सेंटरमध्ये काम करायला आवडेल. तुमचा नॉर्मल दिवस कसा असायचा आणि त्यासाठी काय शिकावं लागतं?

अगं नॉर्मल दिवस असा नसायचाच, पण सांगते. सकाळी बजेट. कुणाचा पगार कुठल्या ग्रँटमधून किती महिन्यांचा, ह्याला पर्सन मंथ म्हणतात, हे शब्द पाठ करून टाक, कारण एकच न्यूरॉलॉजिस्ट सेंटरमध्ये, स्वतःच्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये आणि ओपीडीत असा तीन ठिकाणी वाटलेला असतो आणि बेरीज १२ महिन्यांच्या वर गेली की ऑडिटवाले हजर. मग एथिक्स कमिटीची कागदपत्रं, संमतीपत्रात एक वाक्य बदललं तरी मंजुरी परत. दरवर्षी एनआयएला प्रोग्रेस रिपोर्ट. दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञांची सल्लागार समिती येते, त्यांची तिकिटं, हॉटेल, आणि ते येण्याआधी आमच्या कोअरवाल्यांकडून स्लाइड्स काढून घेणं, हे शेवटचं म्हणजे पाचवीतल्या मुलांकडून होमवर्क काढून घेण्यापेक्षा अवघड.

आणि दर पाचव्या वर्षी रिन्यूअल. जुनं सेंटर आहे म्हणून आपोआप काही मिळत नाही, परत सगळ्यांशी स्पर्धा. अर्ज आपल्या गावच्या घड्याळात संध्याकाळी ५ च्या आत गेला पाहिजे, ५ वाजून १ मिनिट म्हणजे उशीर. माझ्या पहिल्या रिन्यूअलला दुपारी पावणेचारला सिस्टिमने एरर दिला, एका मोठ्या शास्त्रज्ञाचा बायोडेटा ५ पानांच्या वर जातोय म्हणून, आणि साहेब विमानात. त्यांच्या सेक्रेटरीला फोनवर धरून आम्ही दोघींनी त्यांचे दोन जुने पुरस्कार उडवले. अर्ज ४ वाजून ३८ मिनिटांनी गेला. पुरस्कारांचं त्यांना कळलं ते आठ महिन्यांनी, आणि मग पुढची आठ वर्षं प्रत्येक पार्टीत मला ऐकवलं.

शिकायचं म्हणशील तर एक्सेल, नीट इंग्रजी ड्राफ्टिंग आणि एथिक्सचे नियम. एवढं कोणीही शिकवेल. जे कॉलेजात शिकवत नाहीत ते म्हणजे फोन. आमच्याकडे एक ऑन कॉल फोन असायचा, सेंटरमध्ये मेंदूदानासाठी नाव नोंदवलेलं कोणी वारलं तर घरचे त्यावर कळवायचे, कारण मेंदू काही तासांत काढून थंड करावा लागतो नाहीतर टिश्यू खराब होतो. एका थँक्सगिव्हिंगच्या रात्री तो माझ्याकडे होता. साडेअकराला एका बाईंचा फोन, नवरा आत्ताच गेला म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, त्यांनी मला वचन घेऊन ठेवलं होतं की आधी तुम्हाला फोन करायचा, मुलांना नंतर. मला अंत्यसंस्कारवाल्यांना उठवायचं होतं, पॅथॉलॉजीच्या माणसाला, गाडीवाल्याला, पण त्या बाई फोन ठेवेनात, १२ वर्षं दरवर्षी आम्ही एकत्र यायचो तुमच्याकडे, पार्किंगचं तिकीट नेहमी तेच विसरायचे, असं काय काय सांगत राहिल्या. मी एका हाताने मेसेज टाइप करत होते आणि हो हो म्हणत होते. ते तुला जमेल का हे बघ आधी, बाकीचं जमतं.

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक: सासूबाईंना अशा एका सेंटरच्या स्टडीत घातलंय. दरवर्षी तेच प्रश्न, तीच कोडी, मलाही वेगळं बसवून तासभर तेच विचारतात. उपचार काही नाही. सासूबाई म्हणतात "ह्यांनाच आठवत नाही का मागच्या वर्षी काय विचारलं ते". खरंच काय उपयोग?

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, हे वाक्य मी फ्रेम करून लावलं असतं!

ताई, तुमचा राग मी समजू शकते, शनिवार सकाळ जाते तुमची. पण तेच ते विचारणं हाच त्या सेंटरचा मुख्य माल आहे. ही सेंटर्स सुरुवातीला आपापल्या पद्धतीने माणसं तपासायची, त्यामुळे बोस्टनचा आकडा कॅलिफोर्नियाच्या आकड्याशेजारी ठेवता यायचा नाही. मग १९९९ मध्ये सिएटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांचा डेटा एकत्र करणारं नॅशनल सेंटर काढलं आणि २००५ पासून सगळीकडे एकच फॉर्मसंच आला, युनिफॉर्म डेटा सेट. तोच फॉर्म, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, दरवर्षी. ह्या वर्षी सासूबाईंनी ऐकवलेल्या गोष्टीतले ९ तपशील सांगितले आणि पुढच्या वर्षी ६, ही जी उतरंड आहे ना ती एका तपासणीत दिसतच नाही, आणि आज त्या ठणठणीत असल्या तर त्यांचा डेटा उलट जास्त मोलाचा, कारण आजार व्हायच्या आधीची वर्षं कोणाकडेच नसतात.

तुम्हाला वेगळं बसवतात त्याचंही कारण आहे. तुम्ही स्टडी पार्टनर. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत १९८२ मध्ये सीडीआर (क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग) नावाची एक पद्धत तयार झाली, त्यात स्मरण, दिशा-वेळेचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घरकाम-छंद आणि स्वतःची काळजी अशा ६ गोष्टी बघतात आणि शून्यापासून ३ पर्यंत ग्रेड देतात. घरच्या माणसाला आधी विचारतात, मग पेशंटला. कारण पेशंट म्हणणार मी स्वयंपाक करते की, आणि सून सांगणार गॅस दोनदा चालू राहिला. दोन्ही खरं असतं, त्या फटीतच तर आजार सापडतो. नंतर डॉक्टर, न्यूरोसायकॉलॉजिस्ट वगैरे बसून एकेक केस चर्चेने ठरवतात, त्याला आमच्याकडे नुसतं "कन्सेन्सस" म्हणायचे, सोमवारी कन्सेन्सस आहे सँडविच मागव, असं.

आणि हा फॉर्म बदलायचा म्हटला तर काय होतं बघा. २०१५ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा जुन्या काही टेस्ट काढून नव्या घातल्या, काढलेल्यांतली एक फार प्रसिद्ध होती पण तिचे हक्क एका कंपनीकडे, फॉर्ममागे पैसे. बदल योग्यच होता. पण १० वर्षांच्या आकड्यांना नवे आकडे कसे जोडायचे, त्यासाठी त्याच माणसांना जुनी आणि नवी दोन्ही कोडी सोडवायला लावून तुलनेचा वेगळा अभ्यास करावा लागला. मग प्रत्येक सेंटरमध्ये सगळ्यांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट, सॉफ्टवेअर, आणि वैतागलेले म्हातारे. नेतृत्व नेतृत्व म्हणतात ते मला विचाराल तर असल्या वेळी दिसतं, आमचे डायरेक्टर तेव्हा तीन आठवडे स्वतः रिसेप्शनपाशी उभे राहून लोकांना सांगायचे की आज तासभर जास्त लागणार आहे, सॉरी, आणि का ते असं असं. कोणीही नाव काढून घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही भांडून विचारा. अधिकृत फॉर्म मुख्यतः इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये चालतात. ज्या बाईंचं शिक्षण मराठीत सातवीपर्यंत झालंय त्यांना इंग्रजी गोष्ट ऐकवून आठवते का विचारलं तर मार्क स्मरणाचे पडतात की भाषेचे? ह्या सेंटर्समध्ये वर्षानुवर्षं गोरे, जास्त शिकलेले लोकच जास्त आलेत, हे सगळे मान्य करतात, म्हणूनच तर आउटरीचचा वेगळा कोअर सक्तीचा आहे. तर त्यांना सांगा, दुभाषी द्या आणि भाषेची नोंद रेकॉर्डला घ्या. आणि मनातून उतरलं असेल तर कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, त्यांच्या नेहमीच्या उपचारांवर त्याने काही फरक पडत नाही.

बंगळुरूहून एक मराठी इंजिनिअर: हे डायरेक्टर सगळे नामांकित न्यूरॉलॉजिस्टच का असतात? चांगला शास्त्रज्ञ चांगला मॅनेजर असतोच असं नाही. कॉर्पोरेटमध्ये सीईओ वेगळा असतो.

असतोच असं नाही हे मी शपथेवर सांगू शकते. पण सीईओ आणून चालणार नाही, कारण इथे सर्वात अवघड निर्णय पैशाचे नसतात, शास्त्राचे असतात आणि ते फक्त पैशासारखे दिसतात.

उदाहरण देते. एका माणसाचा मेंदू म्हणजे मर्यादित ऐवज. अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा तुकडे करून उणे ८० डिग्रीला. त्यातला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाचा जो भाग अल्झायमरमध्ये लवकर जातो, तो सगळ्यांनाच हवा असतो आणि तो करंगळीएवढा. एकदा एकाच केसच्या टिश्यूसाठी तीन अर्ज आले, एक आमच्याच मोठ्या प्रोफेसरांचा, एक परदेशातला, आणि एक जेमतेम पहिली नोकरी लागलेल्या मुलीचा. तिघांना पुरेल एवढं नव्हतंच. मी काय म्हणणार, फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह? कमिटी बसली, डायरेक्टरनी प्रत्येकाचा प्रश्न खरंच ह्याच टिश्यूवर अवलंबून आहे का ते उलटं सुलटं तपासलं, आणि टिश्यू त्या मुलीला गेला. प्रोफेसर सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, डायरेक्टरशी बोलत होते, माझ्याशी नाही!

आणि न्यूरॉलॉजिस्टच असतात असंही नाही हो. केंटकीचं उदाहरण घ्या, तिथलं सँडर्स-ब्राउन सेंटर विल्यम मार्केसबेरी यांनी १९७९ पासून उभं केलं, न्यूरॉलॉजिस्ट आणि न्यूरोपॅथॉलॉजिस्ट दोन्ही. २०१० च्या जानेवारीत ते गेले. अशी एकहाती माणसाने वाढवलेली जागा तो गेल्यावर कोसळते, आपण साहित्य संस्था, सहकारी कारखाने सगळीकडे बघतोच. तिथे लिंडा व्हॅन एल्डिक आल्या, शिकागोहून, पेशंट बघणाऱ्या डॉक्टर नाहीत, प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ. सेंटर चालू राहिलं. चालू राहतं कारण माणसं, फ्रीजर, फॉर्म आणि संमतीपत्रं जागेवर असतात. तुमच्या भाषेत, डॉक्युमेंटेशन.

जिथे घोडं पेंड खातं ते वेगळंच, ५ वर्षांची ग्रँट आणि ३० वर्षांचा आजार. २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी पातळीवर जो गोंधळ झाला त्यात रिन्यूअलला आलेल्या बऱ्याच सेंटर्सचे पैसे काही काळ अडकले. कॉर्पोरेटमध्ये एक क्वार्टर खराब गेलं तर पुढचं चांगलं करता येतं. इथे एका वर्षी म्हाताऱ्या माणसाची तपासणी चुकली की ते वर्ष परत येत नाही, आणि कोऑर्डिनेटर एकदा दुसरी नोकरी धरून गेली की तिच्या ओळखीवर येणारी ४० कुटुंबंही हळूहळू गळतात.

डोंबिवलीहून: इतकी वर्षं, इतका पैसा, औषध कुठाय?

आजाराचा वेग कमी करणारी दोन आहेत, दादा. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली आणि डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठीच, मुख्यतः सलाईनसारखं शिरेतून, वरचेवर एमआरआय कारण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. लेकानेमॅबच्या ट्रायलमध्ये १८ महिन्यांत घसरण साधारण २७ टक्के कमी झाली. बरं होत नाही, उतार थोडा कमी होतो. चिडायला जागा आहे, मान्य. पण घसरण मोजायची पट्टी म्हणून त्या ट्रायलमध्ये जे वापरलं ते वर सांगितलेलं सीडीआरच होतं, एडिसनच्या ताईंना तासभर बसवतात ते.

सोलापूरहून एक वाचक: भारतात असं काही आहे का? माझ्या आईला ६ वर्षांपासून अल्झायमर आहे. आधी शिक्षिका होती, तेव्हा म्हणायची माझं शरीर शाळेसारखं कामाला येऊ दे. तिचा मेंदू रिसर्चला देता येईल का?

आहे. अमेरिकेसारखं तिसेक सेंटर्सचं जाळं नाही, पण बंगळुरूला आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) आवारात सेंटर फॉर ब्रेन रिसर्च आहे, त्यांनी कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात गावातली १०,००० माणसं वर्षानुवर्षं तपासायचं उद्दिष्ट ठेवलंय, तिथे घरोघरी ओळख आशाताईंची. शहरी लोकांसाठी त्यांचा वेगळा अभ्यास आहे. दिल्लीच्या एम्स आणि कॅलिफोर्नियातल्या एका युनिव्हर्सिटीने मिळून देशभर पाहणी केली, त्यावरून ६० च्या वरच्या लोकांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच एक) ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं, आणि गंमत म्हणजे त्याला पैसे त्याच एनआयएचे. घरच्यांसाठी एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था आहे, १९९२ मध्ये केरळात सुरू झाली, तिच्या शाखा बऱ्याच शहरांत आहेत.

मेंदूदानासाठी बंगळुरूच्याच निम्हान्स ह्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत १९९५ पासून ब्रेन बँक आहे. पण ताई, तुम्हाला खरं सांगते. वर मी म्हटलं तसं काही तासांचा खेळ असतो आणि सोलापूर ते बंगळुरू म्हणजे रात्रभराचा प्रवास, त्यामुळे आत्ताच त्यांच्याशी बोलून घ्या की आपल्या गावातून हे शक्य आहे का, त्यांना काय कागद लागतात, मेंदू काढणार कोण. तिथे नाही म्हणाले तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात देहदानाची नोंद करता येते, ते संशोधन नाही, शिकवण्यासाठी असतं. तुमच्या आईंनी शाळा म्हटलं होतं ना, मग तेही चालेल त्यांना.

दोन्हीकडे शेवटी आईंच्या जुन्या सहीपेक्षा त्या वेळी हजर असलेल्या जवळच्या नातेवाइकांचा होकार लागतो, आणि घोळ नेहमी तिथेच होतो, फॉर्म भरलेला असतो आणि ऐनवेळी पुण्याचा मामा म्हणतो असं काही करायचं नाही. तर मामाला आत्ता सांगा. त्याच्यासमोर सांगा, आणि फोन नंबर फ्रीजवर लावून ठेवा, मोबाइलमध्ये नको, रात्री २ वाजता मोबाइल सापडत नाही.